नथीचे तारण

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मी बँकेत होतो तेव्हा काही वर्षे सोनेतारण कर्जाचे टेबल माझ्याकडे होते. सोनाराने कस लावून वजन सांगायचे, मी रक्कम लिहायची. कारणाच्या रकान्यात ‘घरखर्च’ लिहिले की काम भागे. एकदा एका बाईंनी नाकातली नथ काढून पुढे ठेवली आणि चेहऱ्यावर पदर ओढून घेतला. त्या दिवशी मला श्रीनिवास नायक आठवला.

कंजूष म्हटले की इंग्रजी वाचणाऱ्यांना डिकन्सचा स्क्रूज आठवतो. १८४३ साली आलेल्या त्या कथेत म्हाताऱ्याला माणसात आणायला भुते यावी लागली. आपल्याकडचा हा सावकार त्याच्या तीनशे वर्षे आधी बदलला, तो बायकोच्या नथीमुळे.

श्रीनिवासचा जन्म परंपरेनुसार १४८४ सालचा. गाव कोणी पुरंदर सांगतात, कर्नाटकातले काही अभ्यासक तीर्थहळ्ळीजवळचे आरग. धंदा जवाहिऱ्याचा आणि सावकारीचा. लोक नवकोट नारायण म्हणत. पण हातून दमडी सुटत नसे.

कथा अशी. मुलाच्या मुंजीसाठी एक गरीब ब्राह्मण दुकानी आला. ‘उद्या या’ करत श्रीनिवासने त्याला महिनोन्महिने हेलपाटे घालायला लावले. शेवटी तो सरस्वतीबाईंकडे गेला. नवऱ्याच्या पैशावर त्यांचा अधिकार नव्हता. माहेरची नथ तेवढी त्यांची. ती त्यांनी काढून दिली. ब्राह्मणाने ती नेमकी त्याच दुकानात आणली. श्रीनिवासने ओळखली, पेटीत कुलूपबंद केली आणि घरी येऊन बायकोकडे नथ मागितली. घाबरलेल्या सरस्वतीबाईंनी विषाचा पेला हाती घेतला, तोच त्यात नथ पडली. इकडे दुकानातली पेटी रिकामी!

चमत्कार ज्याचा त्याने मानावा. मला दिसते ते एवढेच, की जन्मभर दुसऱ्यांचे दागिने तोलणाऱ्याला त्या दिवशी प्रथमच देणाऱ्याची बाजू कळली.

त्याने सारी संपत्ती वाटून टाकली आणि बायकामुलांसह विजयनगरची वाट धरली. तिथे व्यासतीर्थांकडून दीक्षा घेतली. परंपरा साल १५२५ सांगते. ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा घालून त्याने कन्नडमध्ये पदे रचली आणि दारोदार माधुकरी मागत ती गायिली. श्रीनिवास नायकाचे पुरंदरदास झाले. गाणे शिकणाऱ्यांसाठी सोप्याकडून अवघडाकडे जाणारे पाठ त्यांनी बांधून दिले. त्यासाठी राग निवडला मायामाळवगौळ, आपल्या भैरवाच्या सुरांचा. कर्नाटक संगीताचा विद्यार्थी आजही तिथूनच सुरुवात करतो. सावकाराचा हिशेबीपणा गेला नाही. खाते तेवढे बदलले.

१५६४ साली हंपीत त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर लुटले गेले. राजाचा खजिना गेला, दासांचे पाठ उरले.

त्या बाईंची नथ सुटली की नाही, मला कळले नाही. त्याआधीच माझी बदली झाली. ती कशासाठी गहाण पडली होती, एवढे विचारायला माझे काय जात होते?