लोकमान्यांचे बॅरिस्टर काका बॅप्टिस्टा

माझगावच्या माथारपाखाडीत १७ मार्च १८६४ रोजी जन्मलेले जोसेफ बॅप्टिस्टा पुण्यात अभियांत्रिकी शिकले. पण त्यांचा खरा पिंड वकिलाचा. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले.

१९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. अशा आरोपीची बाजू घेणे म्हणजे सरकारी रोष ओढवून घेणेच होते. न्यायासनावर होते दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी टिळकांचे वकील या नात्याने त्यांना जामीन मिळवून दिला होता. आता त्यांनीच तो नाकारला! टिळकांनी स्वतःच बचाव मांडला. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या त्या भाषणामागे बॅप्टिस्टांचे कायदेशीर साह्य होते. तरीही ज्युरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरविले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या पराभवाने बॅप्टिस्टा खचले नाहीत. पुढे विशेष न्यायाधिकरणापुढे सावरकरांच्या बचावासही ते उभे राहिले. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्षपद आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौरपद त्यांच्याकडे आले. कामगारांचे हे ‘काका’ १९३० मध्ये निवर्तले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे.