ज्योतिर्विद कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

ज्या थोर पुरुषांनी शाळामास्तरीचा व्यवसाय करीत असता शास्त्राची अपूर्व सेवा केली, त्यांत कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचे नाव अग्रभागी शोभते. त्यांचे अल्पचरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी झाला. पुढे रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे व पुणे येथे त्यांनी अध्यापन केले. शाळेचे काम सांभाळून त्यांनी ज्योतिषाचे प्राचीन ग्रंथ अभ्यासिले. आणि पंचांग व ऋतू ह्यांची फारकत होत चालली आहे, हे त्यांच्या मनाने घेतले.

हे मर्म समजण्यास आपल्या यवतमाळ जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. येथे मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास माध्यान्ही सूर्य डोक्यावर येऊन सावली पायाखाली लोपते. २२ डिसेंबरच्या सुमारास तीच सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी पडते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे हे घडते. तिरप्या किरणांची उष्णता अधिक भूमीवर पसरते, दिवसही लहान होतो, म्हणून थंडी पडते. सूर्य दूर गेल्याने थंडी पडते ही समजूत खरी नव्हे; पृथ्वी सूर्याच्या अत्यंत निकट येते ती जानेवारीच्या आरंभीच.

सूर्य उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरात. परंतु उत्तरायणाचा सण मानलेली मकरसंक्रांत येते जानेवारीच्या मध्यास. नाक्षत्र वर्ष ऋतुवर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्यामुळे ७० वर्षांत एक दिवसाचे अंतर पडते. असेच चालल्यास सुमारे सात हजार वर्षांनी संक्रांत उन्हाळ्यात व चैत्र पावसाळ्यात येईल. म्हणून विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक ह्यांच्यासह दीक्षितांनी ऋतूंस धरून चालणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला. रूढी प्रबळ ठरली, लोकांनी ते पंचांग स्वीकारले नाही. तथापि दीक्षितांनी आपले मत सोडले नाही. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासाचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८९८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

१९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, तिचे वर्ष सायनच आहे. सण मात्र अद्यापि जुन्याच गणनेने होतात. सत्य एकदा निश्चित झाले म्हणजे लोकमान्यतेची वाट न पाहता ते निर्भयपणे मांडावे, हाच बोध आमच्या विद्यार्थ्यांनी ह्या शिक्षकाच्या चरित्रापासून घ्यावा.