आबे फारिया (१७५६–१८१९)

वसईच्या किल्ल्यातील पडक्या मठांच्या भिंती आपण पाहिल्या असतील. १७३९ मध्ये मराठ्यांनी तो किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्यानंतर सतरा वर्षांनी, पोर्तुगीजांच्याच ताब्यात राहिलेल्या गोव्यात, बार्देशातील कांदोळी गावी जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म झाला. ‘आबे’ ही फ्रेंच धर्मगुरूची उपाधी त्यांना पुढे लाभली. द्युमाच्या कादंबरीतील कैदी फारिया आपल्या परिचयाचा असल्यास त्याला तूर्त बाजूस ठेवावे.

आईवडील विभक्त झाले. आई मठवासिनी झाली, वडील धर्मगुरू. १७७१ मध्ये वडिलांसह ते लिस्बनला निघाले. पुढे रोममध्ये शिक्षण घेऊन १७८० मध्ये त्यांनी धर्मदीक्षा घेतली. लिस्बनच्या राणीसमोर प्रवचनास उभे राहिले असता त्यांना शब्द सुचेना. तेव्हा वडिलांनी, समोरचे सारे लोक म्हणजे निव्वळ भाजी, ती खुशाल चिरावी, अशा अर्थाचे कोकणीत कुजबुजताच त्यांची वाणी मोकळी झाली, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेपणाची खात्री देता येत नाही. तथापि एका शब्दाने मनात काय घडते, हा फारियांचा पुढील प्रश्न तिने नेमका हेरला आहे.

१७८७ च्या पिंटोंच्या कटाशी नाव जोडले गेल्यावर ते फ्रान्सला गेले. तेथे १८११ पासून त्यांनी मार्सेय व नीम येथे तत्त्वज्ञान शिकविले आणि १८१३ मध्ये पॅरिसमध्ये निद्राप्रयोगांचे जाहीर वर्ग सुरू केले. त्या काळी अशा निद्रेचे कारण म्हणून मेस्मरचा अदृश्य चुंबकीय द्रव सांगितला जाई. फारियांनी तो साफ नाकारला. निद्रेचे कारण प्रयोगकर्त्याच्या हातांत नसून निद्रिस्ताच्या स्वतःच्या एकाग्रतेत आणि विश्वासात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. देकार्तच्या संदर्भात आपण अभ्यासलेला मन-शरीर संबंधाचा प्रश्न येथे प्रयोगाच्या खोलीत आलेला दिसेल.

त्यांची किंमत मात्र हशाने झाली. १८१६ मध्ये त्यांची टवाळी करणारे प्रहसन रंगभूमीवर आले आणि वर्ग ओस पडले. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. शतकाच्या उत्तरार्धात नान्सीच्या बर्नहाइम आदी वैद्यांनी सूचनेचा सिद्धांत मांडला, तेव्हा या गोमंतकीयाचे श्रेय मान्य झाले.

पणजीत १९४५ साली उभारलेल्या पुतळ्यात फारिया एका स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभे आहेत. शिल्प प्रभावी आहे, परंतु त्यातील सारे सामर्थ्य हातांत एकवटलेले दिसते. आपण तेथे गेलात तर त्या स्त्रीच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहावे.