जमशेटजी जीजीभाई आणि कँटनचा व्यापार

एकोणिसाव्या शतकात चीन व जपान यांचा पाश्चात्त्य सत्तांशी जो संघर्ष झाला, त्याचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासकांची दृष्टी लंडन, पेकिंग आणि एदो या तीन नगरांत फिरत राहते. मुंबईकडे ती क्वचितच वळते. वस्तुतः ज्या अफूपायी १८३९ साली चीनशी युद्ध पेटले, तिच्यातील फार मोठा वाटा माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेला होता आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तो समुद्रापार नेला होता. या व्यापाऱ्यांत सर्वांत मोठे नाव जमशेटजी जीजीभाई यांचे. मराठी वाचकाला ते परिचित आहे ते रुग्णालयामुळे, कलाशाळेमुळे आणि माहीमच्या रस्त्यामुळे. त्यांचे चरित्र आपल्याकडे सांगितले जाते ते बहुतेक दात्याचे चरित्र म्हणून. संपत्ती आली कोठून, हे एका वाक्यात उरकले जाते. प्रस्तुत लेखात त्या एका वाक्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घराणे गुजरातेतील, नवसारीशी नाते असलेले, विणकामावर व कापडाच्या लहानशा व्यापारावर जगणारे. १७९९ साली आई आणि वडील दोघेही निवर्तले आणि सोळा वर्षांचा हा मुलगा मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्या आश्रयास मुंबईत राहिला. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा. शिक्षण बेताचे, इंग्रजी पुढेही कारकुनांच्या हातूनच लिहिले जाई. त्याच सुमारास त्यांची चीनची पहिली सफर घडली. १८०३ साली मामांच्या कन्येशी, आवाबाईंशी, त्यांचा विवाह झाला. १८०७ पर्यंत चीनच्या एकूण पाच सफरी त्यांनी केल्या.

त्या काळचे कँटन कसे होते हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढील सारे त्यावर अवलंबून आहे. १७५७ पासून छिंग सम्राटांनी पाश्चात्त्यांच्या सागरी व्यापाराला हे एकच बंदर मोकळे ठेवले होते. परदेशी व्यापाऱ्याने नगराच्या तटाबाहेर नदीकाठच्या तेरा वखारींत राहावे, ठरावीक चिनी व्यापारीसंघाशीच व्यवहार करावा, हंगाम संपताच मकावला परतावे, बायकामुले आणू नयेत, असे नियम होते. चीनकडून चहा व रेशीम न्यावयाचे; पण चीनला विकावे असे इंग्रजांपाशी फारसे काही नव्हते. चांदी मोजावी लागे. ही तूट हिंदुस्थानातून गेलेला कापूस प्रथम भरून काढी, मागाहून अफू काढू लागली. चिनी दरबाराने अफूवर १७२९ साली निर्बंध घातले होते, आणि शतकाच्या अखेरीपासून आयातीवरच बंदी होती. म्हणून कंपनी अफू स्वतःच्या जहाजांतून नेत नसे. बंगालची अफू ती कलकत्त्यास लिलावाने विकी, आणि पुढचे काम खासगी व्यापाऱ्यांवर सोडून आपले हात स्वच्छ ठेवी. लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या जहाजांवर पेट्या उतरत, तेथून चिनी तस्कर त्या किनाऱ्यावर नेत. बंदीहुकूम कागदावर होता आणि कागदाची किंमत स्थानिक अधिकाऱ्यांनी ठरवून टाकलेली होती.

जमशेटजींची चौथी सफर १८०५ सालची. ‘ब्रुन्सविक’ हे जहाज सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच नौसेनापती लिन्वा याच्या हाती लागले. कैदी झालेल्या प्रवाशांना घेऊन ते दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडे, तेव्हा डचांच्या ताब्यात असलेल्या केपला नेण्यात आले आणि तेथे किनाऱ्यावर आपटून फुटले. माल गेला, पैसा गेला. मोठ्या कष्टाने जमशेटजी कलकत्त्यास व तेथून मुंबईस पोहोचले. याच जहाजावर विल्यम जार्डीन नावाचा एक तरुण स्कॉट शल्यवैद्य होता. पुढे वैद्यकी सोडून तो व्यापारात शिरला आणि १८३२ साली कँटनमध्ये जार्डीन-मॅथेसन ही पेढी उभी राहिली. मुंबईत तिचा सर्वांत भरवशाचा भागीदार म्हणजे जमशेटजी. नेपोलियनच्या युद्धांतील एका किरकोळ चकमकीने या दोघांची गाठ घालून द्यावी, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण तो कृत्रिम ठरवला असता.

१८०७ नंतर जमशेटजी चीनला गेले नाहीत. मुंबईत बसून त्यांनी पेढी उभारली. जैन मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे हे त्यांचे भागीदार, तर गोव्याचे रोजेरिओ द फारिया हे सहकारी. चार धर्मांच्या या मंडळींना एकत्र बांधणारा धागा माळव्याच्या अफूचा होता. बंगालच्या अफूवर कंपनीचा मक्ता होता. माळवा मात्र देशी संस्थानांत मोडे. तेथील शेतकरी सावकाराकडून उचल घेऊन खसखस पेरी, आणि माल व्यापाऱ्यांच्या हातांतून पश्चिम किनाऱ्याकडे येई. कंपनीने तो अडवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा उंटांचे तांडे राजस्थानच्या वाळवंटातून कराचीस आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागले. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हार मानली व मुंबईमार्गे जाणाऱ्या पेटीवर १७५ रुपये परवाना-शुल्क बसवले. निषिद्ध ठरवलेली वाट अशा रीतीने महसुलाची वाट झाली. १८३४ पासून चीनच्या व्यापारातील कंपनीची मक्तेदारीही संपली, आणि मुंबईच्या पेढ्यांना भरती आली. त्याच वर्षी जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर जमशेटजींनाही जस्टिस ऑफ द पीस नेमण्यात आले.

मार्च १८३९ मध्ये सम्राट दाओगुआंग यांचे विशेष आयुक्त लिन झेशू कँटनला आले. हा मनुष्य विकत घेता येण्यासारखा नव्हता. त्यांनी वखारींना वेढा घातला. ब्रिटिश अधीक्षक चार्ल्स इलियट यांनी सरकारच्या नावाने भरपाईचा शब्द देऊन व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या गोळा केल्या व लिन यांच्या स्वाधीन केल्या. जूनमध्ये चुना व मीठ मिसळलेल्या पाण्याच्या खड्ड्यांत ती अफू नष्ट करण्यात आली. त्या पेट्यांत मुंबईचे कितीतरी भांडवल विरघळले. जमशेटजी आणि त्यांचे सहव्यापारी भरपाईसाठी लंडनपर्यंत खटपट करीत राहिले. लंडनने आधी आरमार पाठवले. पैसे नंतर, आणि तेही अपुरे. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला: हाँगकाँग इंग्रजांस, पाच बंदरे खुली, आणि दोन कोटी दहा लक्ष डॉलरांची खंडणी, पैकी साठ लक्ष नष्ट झालेल्या अफूबद्दल. ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर सह्या झाल्या ती १८१३ साली मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली सागवानी नौका होती. अफू मुंबईची आणि नौकाही मुंबईची.

त्याच १८४२ साली जमशेटजींना सर हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. जानेवारी १८४३ मध्ये त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचा पाया घातला गेला. या तारखा शेजारी ठेवून दानाला प्रायश्चित्त ठरवण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. लाख रुपयांच्या देणगीचा प्रस्ताव युद्धापूर्वीचा आहे, आणि अफूचा व्यापार हे पाप आहे असे त्यांच्या वर्तुळात कोणी मानीत होते याचा पुरावा नाही. त्यांचा पत्रव्यवहार मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. भाव, हुंड्या, जहाजांच्या वेळा, विमा यांनी तो भरलेला आहे. माझ्या मते त्यांचा खरा दोष क्रौर्याचा नव्हे, अंतराचा आहे. त्यांनी कँटन स्वतः पाहिले होते. तरी मुंबईच्या पेढीवरून पाहताना अफू ओढणारा माणूस दिसेनासा होतो आणि फक्त पेटी उरते. चिनी सेवकासह काढलेले जमशेटजींचे एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यातील चिनी माणसाचे नाव सहसा कोणी विचारीत नाही.

युद्धानंतर व्यापाराचे स्वरूप पालटले. युरोपीय पेढ्या आणि आगबोटी यांच्यापुढे हिंदी व्यापारी दुय्यम आडत्या होऊ लागला. जमशेटजींच्या आयुष्याचा उत्तरार्ध म्हणूनच दानाचा ठरला: आवाबाईंच्या दीड लाखांहून अधिक रुपयांतून १८४५ साली खुला झालेला माहीमचा बांध, पुण्यात मुळा-मुठेवरचा बंधारा, १८५७ मध्ये सुरू झालेली कलाशाळा. रुग्णालयाला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून भाऊ दाजी लाड बाहेर पडले. कलाशाळेने पुढे धुरंधर दिले. महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा पाया ज्या पैशावर रचला गेला त्यातील काही भाग असा माळव्याच्या शेतातून कँटनमार्गे आला. चीनशी आलेल्या संबंधाची एक कोमल आठवण वस्त्रांत राहिली: ताणछोई हे रेशीम जमशेटजींनी चीनला धाडलेल्या तीन विणकर भावांमुळे इकडे आले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण विणकराच्या मुलाविषयी ती सांगितली जावी हे लक्षणीय आहे.

जपानने हे सारे दुरून पाहिले. चीनच्या पराभवाची वार्ता कळताच एदोच्या शासनाने १८४२ साली परकी जहाजांवर तोफा डागण्याचा आपला १८२५ चा हुकूम सौम्य केला. लिन झेशूंनी जमवलेल्या सामग्रीवर आधारलेला वेइ युआन यांचा पाश्चात्त्य देशांविषयीचा ग्रंथ जपानात आवडीने वाचला गेला. १८५८ साली अमेरिकेशी केलेल्या विषम करारातही अफूच्या आयातीला बंदी होती. त्याच वर्षी दुसऱ्या युद्धाने वाकलेल्या चीनने पिकुलमागे तीस ताएल जकात घेऊन अफूला राजरोस प्रवेश दिला.

१४ एप्रिल १८५९ रोजी जमशेटजी वारले. १८५७ मध्ये मिळालेल्या बॅरोनेट पदामुळे त्यांच्या प्रत्येक वारसाला गादीवर येताना जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करावे लागले. चार वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात त्यांची दानधर्माची कीर्ती मराठीत स्थिर झाली. कँटनच्या वखारींत राहणारा पारशी अफूव्यापारी भारतीय कादंबरीत आला तो २०११ साली, अमिताव घोष यांच्या ‘रिव्हर ऑफ स्मोक’मध्ये, आणि तोही इंग्रजीत. मराठी कादंबरीने त्या धक्क्यावर अजून नांगर टाकलेला नाही.

एचएसआर लेआउट, बेंगळुरू