पाखरांच्या सहवासात

सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने मामांनी त्यांचा सांभाळ केला. एकदा त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका आढळला. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांच्या जगात कायमचे रमले.

१९३० साली जर्मनीतील प्रशिक्षण संपवून ते मायदेशी परतले, तेव्हा संग्रहालयातील त्यांचे पद निधीअभावी रद्द झाले होते. विद्यापीठाची पदवीही हाती नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकारीचे ते दिवस खंत करण्यात न दवडता सलीम अली तासन्‌तास घरटी न्याहाळू लागले. नर घरटे अर्धवट विणतो, मादीने पसंत केल्यावरच ते पूर्ण करतो आणि मग दुसरे विणावयास घेतो, हे त्यांनी टिपले. या अभ्यासाने त्यांना नावलौकिक मिळाला.

१९३९ साली तेहमिना यांचे निधन झाले. पक्षिनिरीक्षणाच्या भटकंतीत साथ देणारी सहचारिणी गेली. तरीही दुर्बीण आणि टिपणवही घेऊन सलीम अली पुन्हा रानात गेले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली ते निवर्तले.

आयुष्यातील दुःखे त्यांना चुकली नाहीत. ती पेलण्याचे बळ मात्र पाखरांच्या सहवासाने दिले.