श्रेष्ठीवर्य जगत्सेठ फतेहचंद

मारवाडातील नागौर ही या ओसवाल जैन घराण्याची मूळ भूमी. हिरानंद साहू इ. स. १६५२ मध्ये पाटण्यास आले व सराफी करू लागले. त्यांचे सुपुत्र माणिकचंद यांनी पुढे ढाक्याहून मुर्शिदाबादेस पेढी हलविली. त्यांना पुत्र नसल्याने त्यांनी भाचा फतेहचंद यास दत्तक घेतले. १७१४ मध्ये माणिकचंद निवर्तले व पेढीची धुरा फतेहचंदांकडे आली. बादशहा मुहंमदशहाने त्यांस ‘जगत्सेठ’ हा किताब बहाल केला.

त्या काळी नाण्यांचा व्यवहार मोठा किचकट होता. टांकसाळीतून निघालेला सिक्का रुपया पहिल्या वर्षी पूर्ण मोलाने चाले. वर्ष उलटताच त्यावर बट्टा बसे. प्रांतोप्रांतीच्या रुपयांचे वजन व कस निराळे. बंगालचा वसूल रोकडीने दिल्लीस धाडणे म्हणजे वाटेत लुटीचे भय. फतेहचंदांची हुंडी हे काम एका कागदावर करी. युरोपीय कंपन्यांनाही चांदीची नाणी पाडून घेण्यासाठी याच पेढीचे साह्य घ्यावे लागे.

या पतीची कसोटी १७४२ मध्ये लागली. नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनानी भास्करराम बंगालवर चालून आले. नवाब अलिवर्दीखान राजधानीबाहेर असता मीर हबीब मराठी घोडदळासह मुर्शिदाबादेत शिरला आणि जगत्सेठांची कोठी लुटली गेली. तत्कालीन इतिहासकार गुलाम हुसेन लुटीचा आकडा दोन कोटी रुपये देतो. आकडा अतिशयोक्त मानला तरी आघात जबर होता. अशा वेळी ठेवीदारांनी धाव घेतली असती, तर पेढी बुडाली असती. परंतु त्यानंतरही पेढीने सरकारास एकेका वेळी कोटीच्या दर्शनी हुंड्या दिल्या, असे तोच इतिहासकार नमूद करतो. रोकड लुटली गेली. सही मात्र नाण्यासारखी चालत राहिली.

१७४४ मध्ये फतेहचंद कालवश झाले. राजकारणाशी जडलेला संबंध मात्र घराण्यास भोवला. १७६३ मध्ये त्यांचे नातू महताबराय व स्वरूपचंद यांचा मीर कासिमने वध करविला. पुढे वारस खुशालचंद यांचे नाव श्रीसम्मेदशिखरजीच्या जीर्णोद्धाराशी जोडले गेले.

लक्ष्मी चंचल आहे, हे शास्त्रवचन या घराण्याने अनुभविले. परंतु फतेहचंदांच्या पेढीची पत लुटीनंतरही टिकून राहिली. समाजाचे द्रव्य सांभाळणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने हा आदर्श नित्य डोळ्यांपुढे ठेवावा.