फोटोत नसलेला माणूस

राईट बंधूंचा तो फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलाय. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉकजवळची वाळू, विमान रुळावरून नुकतंच सुटलंय, ऑर्व्हिल त्यावर पालथा पडलाय आणि विल्बर बाजूला उभा आहे. यात अजून काय बघायचं, असं मलाही वाटायचं. पण पुढच्या वेळी हा फोटो समोर आला की मागे वाळूत राहिलेल्या सामानाकडे बघा. त्यात एक साधी पेटी आहे. इंजिन सुरू करताना लागणारी ठिणगीची कॉइल त्या पेटीत होती. इंजिन चालू झालं की पेटीचं काम संपलं. विमान तिला जमिनीवर सोडून उडायचं.

हे इंजिन ज्याने घडवलं तो मात्र फोटोत कुठेच नाही. तो त्या दिवशी डेटन गावात सायकलचं दुकान सांभाळत होता. त्याचं नाव चार्ल्स एडवर्ड टेलर, म्हणजेच चार्ली टेलर. विमानांची दुरुस्ती करणाऱ्यांच्या जगात हे नाव मोठं आहे. आपल्याला मात्र राईट म्हटलं की दोनच चेहरे आठवतात.

मित्रांनो, आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट. एकोणसाठ म्हणजे किती हे मला अजून बोटांवर मोजावं लागतं. त्यामुळे मराठीच्या चुका पोटात घाला. पण हा माणूस मला मराठीतच सांगायचा होता, आणि त्याला कारण आहे.

चार्लीची आणि माझी ओळख झाली ती एका जळक्या वायरमुळे. मागच्या वर्षी आम्ही पाच जणांनी फेस्टसाठी हॉवरक्राफ्ट बनवायला घेतलं. जुनं कारचं इंजिन, भंगारातून आणलेला अल्टरनेटर आणि एक बॅटरी. सर्किट डायग्राम झकास काढली होती. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जाड वायर मीच ओढली, तीही फ्रेमच्या धारेवरून, मध्ये फ्यूज न टाकता. दोन दिवस सगळं मस्त चाललं. तिसऱ्या दिवशी कंपनाने वायरचं आवरण घासून फाटलं, तांबं फ्रेमला टेकलं आणि अख्खी वायर धुरायला लागली. आम्ही पाचही इंजिनिअर बघत उभे! शेवटी वर्कशॉपचे मामा धावत आले आणि त्यांनी बॅटरीचा क्लॅम्प उपटून काढला. ओरडले नाहीत. फ्यूज कुठे आहे एवढंच विचारलं. मग म्हणाले की ही जमिनीवर चालणारी वस्तू आहे म्हणून वाचलात, हवेत असतात तर कुठे उतरला असतात?

ते डोक्यात राहिलं. हवेत असणारे लोक काय करतात हे शोधत मी लायब्ररीत बसले आणि मागे मागे जात थेट चार्लीपाशी पोचले.

चार्लीचा जन्म २४ मे १८६८ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शेतकऱ्याच्या घरी. पुढे कुटुंब नेब्रास्कात गेलं. बाराव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागला. पण यंत्रं हाताळायची आवड जबरदस्त होती. लग्नानंतर तो ओहायोतल्या डेटनला आला आणि वेगवेगळ्या कारखान्यांत लेथवर काम करू लागला. त्याच्या बायकोच्या काकांची जागा राईट बंधूंनी सायकलच्या दुकानासाठी भाड्याने घेतली होती. त्या ओळखीतून १९०१ च्या जूनमध्ये चार्ली त्यांच्याकडे नोकरीला लागला. पगार आठवड्याला १८ डॉलर. काम काय, तर सायकली दुरुस्त करायच्या आणि दोघे भाऊ ग्लायडर उडवायला गेले की दुकान बघायचं.

१९०२ च्या शेवटी ग्लायडर नीट उडायला लागलं. आता हवं होतं इंजिन. राईट बंधूंनी बऱ्याच कंपन्यांना पत्रं लिहिली. त्यांना साधारण ८ हॉर्सपॉवर आणि १८० पौंडांच्या आत वजन हवं होतं. कोणाकडेच तसं इंजिन नव्हतं. मग ते आपणच बनवायचं ठरलं. चार्लीचा इंजिनचा अनुभव म्हणाल तर पूर्वी एका मोटारगाडीच्या इंजिनशी केलेली खटपट, बस्स!

हत्यारं होती एक लेथ आणि एक ड्रिल प्रेस. ड्रॉइंगही धड नव्हतं. तिघे मिळून एकेका पार्टचं कच्चं चित्र काढायचे आणि चार्ली तो कागद बेंचच्या वर टाचून कामाला लागायचा. (आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी अशी शीट नक्की परत केली असती.) क्रँकशाफ्टची गोष्ट तर भन्नाट आहे. १०० पौंडांच्या आसपासची पोलादाची एक जाड पाटी घेतली, तिच्यावर आकार आखला, कडेने ओळीने भोकं पाडली, छिन्नी-हातोड्याने नको तो भाग पाडला आणि उरलेलं लेथवर चढवलं. हातात आला १९ पौंडांचा क्रँकशाफ्ट. क्रँककेस ॲल्युमिनियमचा, गावातल्याच फाउंड्रीत ओतलेला. त्या काळात हे धाडसच. चार सिलिंडर, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ४ इंच. सहा आठवड्यांत इंजिन तयार! फेब्रुवारी १९०३ मध्ये ते पहिल्यांदा चाललं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पेट्रोल गळून बेअरिंगवर गेलं, इंजिन जाम झालं आणि क्रँककेस फुटला. पुन्हा ओतकाम, पुन्हा जुळणी. मे महिन्यात दुसरं इंजिन उभं राहिलं. मागितले होते ८ हॉर्सपॉवर, चार्लीने दिले १२.

आता विजेकडे येते, कारण माझी गाडी तिथेच अडली होती. या इंजिनात आजच्यासारखे स्पार्क प्लग नव्हते. प्रत्येक सिलिंडरच्या आत दोन टोकं असायची. ती टेकली की करंट वाहायचा, आणि नेमक्या क्षणी कॅम त्यांना लांब करायचा. वाहता करंट असा अचानक तोडला की ठिणगी पडते. करंट द्यायचा मॅग्नेटो, म्हणजे कायम चुंबकात फिरणारी गुंडाळी. तो फ्लायव्हीलला घासून फिरायचा. सुरुवातीला मात्र इंजिन फिरत नसल्याने मॅग्नेटो मुका. म्हणून तेवढ्यापुरते ड्राय सेल आणि ती पेटीतली कॉइल. इंजिन धरलं की वीज मॅग्नेटोवर घ्यायची आणि बॅटरी खाली ठेवायची.

मोठा फायदा अर्थात वजनाचा. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हवेत गेल्यावर इंजिनची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नाही. प्रॉपेलर फिरतोय तोवर वीज आहे. आजही कितीतरी छोट्या पिस्टन विमानांत याच कारणाने दोन मॅग्नेटो असतात. घरी विमान बांधणारे हौशी लोक त्यावर अल्टरनेटर बसवतात तो रेडिओ, दिवे आणि बॅटरी चार्जिंगसाठी. त्याच्या वायरिंगचे नियम वाचताना मला माझी प्रत्येक चूक दिसत होती. जाड वायरचा फ्यूज बॅटरीच्या बाजूला, शक्य तितका जवळ हवा, कारण शॉर्ट झाला की जाळणारा करंट मुख्यतः बॅटरीतूनच येतो. वायर धारेवरून न्यायची नाही, क्लॅम्पने बांधायची, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालायचा. रेग्युलेटर बिघडला तर १४ व्होल्टचं व्होल्टेज भलतंच वर चढू शकतं, म्हणून ते चढताच फील्डचा करंट आपोआप तुटेल अशी सोय करायची. आणि पायलटला हाताशी स्विच, म्हणजे अल्टरनेटर बंद करूनही इंजिन चालू ठेवून उतरता येईल. थोडक्यात, प्रत्येक वस्तू बिघडणार हे धरूनच चालायचं.

पुन्हा १९०३ कडे. किटी हॉकला इंजिन विमानावर चढवून पाहिलं तर ते नीट फायर होईना. त्या धक्क्यांनी प्रॉपेलरच्या शाफ्ट खराब झाल्या. दुरुस्तीला डेटनला आल्या, परत गेल्या, पुन्हा एकीला तडा गेला. शेवटी ऑर्व्हिल स्वतः डेटनला आला आणि भरीव पोलादाच्या नव्या शाफ्ट घेऊन गेला. मग आला १७ डिसेंबर. पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. दिवसातलं चौथं आणि शेवटचं ५९ सेकंद, ८५२ फूट.

पुढची काही वर्षं चार्ली सावलीसारखा सोबत होता. १७ सप्टेंबर १९०८ ला फोर्ट मायर इथे प्रॉपेलर तुटून ऑर्व्हिलचं विमान कोसळलं. सोबतचे लेफ्टनंट सेल्फ्रिज गेले. अवशेषांतून ऑर्व्हिलला बाहेर काढणाऱ्यांत चार्ली होता. १९११ मध्ये कॅल रॉजर्स राईट कंपनीचं विमान घेऊन अमेरिका ओलांडायला निघाला, तेव्हा मेकॅनिक म्हणून त्याने चार्लीला नेलं. ४९ दिवसांत विमान इतक्यांदा आपटलं आणि इतक्यांदा जोडलं गेलं, की पोचेपर्यंत मूळचे पार्ट फारच थोडे उरले. चार्लीला स्वतःला उडायला शिकायचं होतं. राईट बंधूंनी ते कधी मनावर घेतलं नाही. चांगला मेकॅनिक गमावणं कोणाला परवडणार?

१९१२ मध्ये विल्बर टायफॉइडने गेला. चार्ली आणखी काही वर्षं ऑर्व्हिलकडे राहिला, मग १९२८ मध्ये कॅलिफोर्नियाला गेला. तिथे जमिनीत पैसे घातले, ते बुडाले. बायको वारली. मंदीच्या काळात तो एका विमान कारखान्यात ताशी ३७ सेंटवर राबत होता. शेजारच्या मशीनवरच्यांना पत्ताही नव्हता की पहिल्या विमानाचं इंजिन या म्हाताऱ्याने बनवलंय. १९३७ मध्ये हेन्री फोर्डने राईट बंधूंचं दुकान आपल्या म्युझियममध्ये पुन्हा उभं करायला घेतलं, तेव्हा चार्लीला शोधून आणलं. सगळं जुन्यासारखं मांडायला त्याचीच आठवण कामी आली.

ऑर्व्हिलने त्याला वर्षाला ८०० डॉलर मिळतील अशी सोय केली होती. महागाईत ते पुरेनात. १९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी दवाखान्यात, धर्मादाय वॉर्डात तो सापडला. बातमी झाल्यावर विमान उद्योगातल्या लोकांनी पैसे जमवून त्याला चांगल्या ठिकाणी हलवलं. ३० जानेवारी १९५६ ला तो गेला. आठ वर्षांपूर्वी ऑर्व्हिल गेला तीही ३० जानेवारीच. आज अमेरिकेत चार्लीचा वाढदिवस, २४ मे, विमान मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात, आणि पन्नास वर्षं सेवा केलेल्या मेकॅनिकला त्याच्या नावाचा सन्मान मिळतो.

हे सगळं वाचून मी होस्टेलवर परत आले आणि आमच्या हॉवरक्राफ्टचा रिपोर्ट उघडला. आभाराच्या पानावर प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड आणि आमचे आई-वडील. वायर विझवणाऱ्याचं, नंतर आमच्यासोबत बसून ती पुन्हा ओढून देणाऱ्याचं नाव नाही. ते पान आम्ही परत टाइप करायला घेतलं. मामांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून हा लेख मराठीत.

पान टाइप करताना मात्र पाचही जण अडलो. मामांचं पूर्ण नाव काय, हे तीन वर्षांत आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये जाऊन विचारून आले.